डाव्या बाजूची चटणी

महिनाभर हा माणूस माझी चटणी ताटात तशीच ठेवून उठत होता, आणि महिनाभर मी त्याच्याशी भांडत होते.

आमच्या घरी ताट वाढायची रीत सासूबाईंनी घालून दिलेली आहे. चटणी, लोणचं, कांदा, मीठ डावीकडे. भाजी आणि वरण उजवीकडे. मधे भात. सुलोचनाबाईंच्या हाताखाली जिने दिवस काढले तिची भाजी डावीकडे वाढायची हिंमत होणार नाही. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली, पण माझा हात अजून त्यांच्याच धाकात आहे. त्यात जवसाची चटणी म्हणजे माझ्या नवऱ्याचा, भुपेंद्रचा, जीव की प्राण. कोलकात्याला खेळायला होता तेव्हा इथून डबे भरभरून जायचे. आणि तोच माणूस आता भात, वरण, भाजी चाटूनपुसून खायचा, चटणीला बोट लावायचा नाही, आणि वर मलाच विचारायचा, "काहून व, चटनी बंद केली का आजकाल?"

मला असा संताप यायचा! "डोळे फुटले का? हे काय हाये?" म्हणून मी ताटाकडे बोट दाखवायची. मग तो मान वळवायचा, चटणी बघायचा, हसायचा. "अर्रे, हाये का इथी," म्हणायचा आणि दोन घासांत संपवायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी समजले, टोमणे मारतोय. कारण राग धरण्यासारखं मी खरंच काहीतरी बोलून बसले होते.

(तोंडावर मी नवऱ्याचं नाव घेत नाही. लिहिताना घेतलं तर चालतं, सासूबाई वाचणार नाहीत.)

झालं असं की पावसाळ्यात नागपूरहून अंजू नावाची एक मुलगी आमच्याकडे आली होती. तिची कंपनी मोबाईलवरचा फुटबॉलचा गेम बनवते. गेमचं नाव काहीतरी इंग्रजी आहे, ते माझ्या तोंडात बसत नाही. त्यात त्यांना जुने खेळाडू घालायचे होते, आणि त्यांच्या यादीत आमच्या घरचा माणूस होता. भुपेंद्र मिडफिल्डर होता, म्हणजे मैदानाच्या मधोमध राहून मागच्यांकडून बॉल घ्यायचा आणि पुढच्यांना द्यायचा. गोल दुसरे मारायचे, फोटो दुसऱ्यांचे यायचे. गावच्या आटलेल्या तलावातून नागपूरच्या क्लबात, तिथून कोलकात्याच्या क्लबात, एकदा देशाच्या संघाच्या शिबिरापर्यंत गेला आणि शिबिरातून गुडघा घेऊन परत आला. तेव्हापासून काळीपिवळी जीप चालवतो, गाव ते अड्याळ, अड्याळ ते पवनी. संध्याकाळी गावातल्या मुलींना फुटबॉल शिकवतो. आमची कामिनी त्यांची कॅप्टन.

अंजूने लॅपटॉपवर कोलकात्याच्या जुन्या मॅच लावल्या. फळकुटासारखा बारीक भुपेंद्र, डोक्यावर झिपऱ्या. ती म्हणाली, "सर, हे बघा. बॉल तुमच्याकडे यायच्या आधी तुम्ही दर वेळी डाव्या खांद्यावरून, उजव्या खांद्यावरून मागे बघता. त्या काळात हे कोणी करत नव्हतं. कुठल्या कोचने शिकवलं?"

"बैलानं," भुपेंद्र म्हणाला.

तिला वाटलं चेष्टा. पण ते खरं होतं. उन्हाळ्यात तलाव आटला की ही पोरं तलावाच्या पोटात फुटबॉल खेळायची आणि गावची गुरंही तिथेच चरायची. सोमाजी पाटलांचा एक मारका बैल होता. बॉलवर नजर ठेवून कोणी उभं राहिलं की तो मागून येऊन शिंगावर उचलायचा. भुपेंद्रच्या पाठीवर त्या शिंगाचा वण अजून आहे. तेव्हापासून मान फिरवल्याशिवाय त्याला बॉल घेताच येईना.

अंजू खूश झाली. मी चहा घेऊन आले होते, मलाही बोलल्याशिवाय राहवलं नाही. "मैदानावरचं मले नाई मालूम बाई. घरात यायले समोरचा डबा दिसत नाई." सगळी बायकामाणसं नवऱ्याबद्दल हेच बोलतात. अंजू हसली, कामिनी हसली, तोही हसला, पण त्याचे कान लाल झाले. पाहुण्यांसमोर बोलायला नको होतं.

दसऱ्याच्या सुमारास गेम आला. कामिनीने मोबाईलमध्ये घेतला आणि आम्ही तिघं त्यावर डोकी टेकवून बसलो. त्यात प्रत्येक खेळाडूला शंभरपैकी मार्क असतात. वेग एकसष्ट. ताकद पंचावन्न. "एकसष्ट?" भुपेंद्र ओरडला. "मी काय बैलबंडी होतो का?" शूट चौसष्ट, पास शहाऐंशी. आणि शेवटी भान, एकोणनव्वद.

"भान म्हंजे काय व?" मी विचारलं.

कामिनी म्हणाली, "आपल्या मागं-पुढं, डाव्या-उजव्या हाताले कोन हाये, हे बॉल यायच्या आधीच मालूम असनं. आई, सगळ्या गेममंधी इतकं भान लई कमी जनायले हाये."

एकसष्टवर भांडणारा माणूस एकोणनव्वदवर उठून अंगणात गेला आणि बराच वेळ जीपचे टायर बघत उभा राहिला. आयुष्यभर मधे उभं राहून दुसऱ्यांना बॉल दिला, त्याचं कोणीतरी नाव घेतलं होतं. चार दिवसांनी त्याने पेंटरकडून जीपच्या मागच्या काचेवर ८९ लिहून घेतलं, लाल रंगात, हातभर उंच. तेव्हापासून गावात जीपला नावच पडलं. "एकोननव्वद गेली का? एकोननव्वदनं येतो." आणि घरी मी चटणीकडे बोट दाखवलं की तो म्हणायचा, "घरात एकोननव्वद नाई चालत व. तूच सांगतली ना त्या पोरीले."

असं ते ठरूनच गेलं, की हा राग आहे.

मी शिवणकाम करते. गावातल्या कापडांची दुखणी माझ्याकडे येतात, घरातलीही येतात. दिवाळीच्या आधी एक दिवस त्याचा शर्ट शिवायला घेतला. डावी बाही खांद्याखाली उसवलेली. गेल्या आठवड्यात दुसरा शर्ट शिवला होता, त्याचीही डावी बाही. पेटीतून खाकी शर्ट काढला. तिथेही डावीकडेच माझाच दोरा. दाराची चौकट, गोठ्याचा खांब, कशाला ना कशाला हा माणूस डावा खांदा घासून येत होता. मी मशीन थांबवली. पण मनात काही जुळलं नाही. शर्ट शिवून ठेवून दिला.

मग जीपचा डावा आरसा फुटला. "अड्याळच्या बजारात कोनीतरी ठोकला," तो म्हणाला. मग डाव्या दारावर लांबच लांब ओरखडा आला. त्याबद्दल तो काही बोललाच नाही, कारण त्याने तो पाहिलाच नव्हता. मी दाखवला तेव्हा माझ्याइतकाच तोही चकित झाला.

आणि मग बेबीबाई ब्लाऊज टाकायला आली. माप देता देता हसत सांगू लागली. आमच्या गावाहून अड्याळचा रस्ता तलावाच्या पाळीवरून, म्हणजे मातीच्या बांधावरून जातो. पाळ अरुंद, जाताना पाणी डाव्या हाताला, आणि यंदा तलाव काठोकाठ भरलेला. "काल तं तुह्या मानसानं आमाले अंघोळच घातली असती व शुभांगी! डाव्या साईडचं चाक पाळीच्या खाली उतरलं. पोटातलं पानी हाललं आमच्या. मी वरडलो तवा कुठं यानं गाडी वर घेतली. मंग म्हने, काय झालं मावशी? मी म्हनलं, काई नाई गा, एकोननव्वद हाये म्हनून वाचलो."

ती हसत होती. माझ्या हातातली टेप खाली पडली. त्याला कळलंच नव्हतं की चाक उतरलं. तो विचारत होता, काय झालं.

त्या दिवशी संध्याकाळी कामिनी आणि तिचा बाप पलंगावर गेम खेळत बसले होते. एकाच टीममध्ये दोघं, दोन मोबाईल. कामिनी चिडली होती. "बाबा, मी कवाची एकटी उभी हावो! पास द्या ना!"

"कोठी हायेस तू?"

"डावीकडं! कवाच नाई देत तुमी डावीकडं. सगळे पास उजवीकडंच."

मी पिठाच्या हाताने तशीच त्याच्या मागे जाऊन उभी राहिले. मला फुटबॉलमधलं काही कळत नाही. पण मोबाईलच्या डाव्या कडेला एक खेळाडू मोकळा धावत होता, त्याच्या आसपास कोणी नव्हतं, हे मलाही दिसत होतं. भुपेंद्रला दिसत नव्हतं. तो चिडवत नव्हता, रागात नव्हता. चेहऱ्यावर पोराचा आनंद होता, आणि पडद्याचा तेवढा भाग त्याच्यासाठी नव्हताच.

चटणी. बाही. आरसा. चाक.

मी चुलीपुढे जाऊन बसले आणि भाकर करपली तरी उठले नाही.

त्या रात्री जेवताना मी आयुष्यात पहिल्यांदा सासूबाईंची रीत मोडली. ताट वाढलं तसंच वाढलं, आणि त्याच्यापुढे ठेवताना उलटं फिरवून ठेवलं. भाजी डावीकडे गेली, चटणी उजवीकडे आली. वांग्याची भाजी होती, तेलाचा तवंग आलेली, सगळ्या घरात तिचा वास. भुपेंद्रने चटणीशी भात कालवला. "आज चटनी झाली मस्त," म्हणाला. सगळी चटणी संपवली, कांदा संपवला. मग इकडेतिकडे बघून म्हणाला, "भाजीचा वास येऊन राहिला, वाढत नाई का?"

भाजी त्याच्या पुढ्यात होती.

कामिनीने माझ्याकडे बघितलं. मी मानेनेच गप्प राहा म्हटलं. वाटीत दुसरी भाजी घेऊन त्याच्या उजव्या हाताशी ठेवली आणि पाणी आणायच्या निमित्ताने बाहेर गेले. रडले की नाही आठवत नाही. भीती वाटत होती एवढं आठवतं. घरातलं माणूस घरातच बसलंय आणि त्याचं अर्धं जग कोणीतरी चोरून नेलंय, आणि त्याला पत्ता नाही. आणि उद्या सकाळी हा माणूस गावाची बायकापोरं घेऊन पाळीवरून जाणार आहे.

मी सांगितलं नाही असं नाही. एकट्यात सांगितलं, समजावून सांगितलं, शेवटी ओरडून सांगितलं. तो म्हणाला, "मले सगळं दिसते. काहून वेड्यावानी करून राहिली?" मग त्याच आठवड्यात अड्याळला डोळे तपासणीचं शिबिर लागलं. मी त्याला ओढतच नेलं. खुर्चीवर बसवून त्यांनी भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली. भुपेंद्रने शेवटची बारीक ओळसुद्धा धडाधड वाचली. तपासणारी मुलगी म्हणाली, "काका, या वयात अशी नजर! चष्मासुद्धा नको." मी तिला सांगायला गेले, बाई, डावीकडचं बघा जरा. पण मागे रांग मोठी होती, तिने पुढच्याला बोलावलं होतं.

परतताना तो शीळ वाजवत जीप चालवत होता. "झालं समाधान?" म्हणाला. डोळे चांगले आहेत म्हणून डॉक्टर सांगतात, भान एकोणनव्वद आहे म्हणून कंपनी सांगते, आणि बायको सांगते की तुम्हाला दिसत नाही. कोणाचं ऐकेल माणूस? भंडाऱ्याला मोठ्या डॉक्टरकडे चला म्हटलं तर म्हणाला, "पोट्ट्यायची स्पर्धा होऊ दे. मंग तू म्हनशीन तिथी येतो."

तोवर मी काय करायचं? मी जीपमध्ये बसू लागले. कधी अस्तर आणायचं, कधी बटणं आणायची, रोज नवं निमित्त काढून पुढच्या सीटवर, त्याच्या डाव्या बाजूला. पाळ आली की माझे पाय खाली ब्रेक शोधायचे. "उजवीकडं घ्या. अजून घ्या. सायकल हाये. बकरी हाये." तो वैतागायचा. "तू कायले मले गाडी शिकवून राहिली?" मागचे प्रवासी हसायचे. भैय्यालाल म्हणाला, "वहिनी, एकोननव्वदले कंडक्टर कायले पायजे?" मीही हसायची, आणि हसता हसता दाराची कडी इतकी घट्ट धरायची की तळहाताला वळ उठायचे. शिलाईचे कपडे घरी साचून राहिले. बायका बोलू लागल्या. बोलू देत. पाळीच्या खाली किती पाणी आहे ते मला माहीत होतं.

आणि मग स्पर्धेची सकाळ उजाडली. मुलींच्या जिल्हा स्पर्धेसाठी भंडाऱ्याला जायचं होतं. जीप मुलींनी भरणार होती, मला जागा नव्हती. "आज तं घरी राय," तो हसून म्हणाला होता. मी शेजारच्या मंगरूला, तोही काळीपिवळी चालवतो, पहाटेच सांगून ठेवलं होतं की बाबा, आज कोपऱ्यावरच थांब. पण भुपेंद्रच्या हातून चाबी कशी घ्यायची हे मला सुचत नव्हतं. लपवली असती तर त्याने दुसरी काढली असती. जीपपुढे आडवी पडले असते तर गावाने मला वेडी ठरवलं असतं आणि तो उद्या पुन्हा चाकामागे बसला असता. त्याला स्वतःला दिसल्याशिवाय काही खरं नव्हतं. आणि नेमकं तेच त्याला दिसत नव्हतं.

अंगणात मुली आल्या. मी शिवलेल्या निळ्या जर्सी, पाठीवर नंबर, तेल लावून घट्ट बांधलेल्या वेण्या. किलबिलाट करत मागे चढून बसल्या. भुपेंद्र ओसरीवर बूट घालत होता. मी कामिनीला चुलीपाशी गाठलं.

"पुढच्या सीटवर जाऊन बस. बाबानं आवाज देला तरी बोलू नोको."

ताट फिरवलं त्या दिवसापासून तिला सगळं कळलं होतं, आम्ही बोललो नव्हतो एवढंच. "आई, सगळ्यायच्या समोर?" ती म्हणाली.

"हो. सगळ्यायच्या समोर."

ती गेली. बापाची परीक्षा मी लेकीला घ्यायला लावत होते. मला माझीच शिसारी आली, पण मी तिला परत बोलावलं नाही.

भुपेंद्र आला, उजव्या दाराने चढला, स्टिअरिंगवर हात ठेवले. समोरच्या आरशात मागे बघितलं. "बसल्या का सगळ्या?"

"हो सर!"

"अन् कामिनी?"

मागून कोणीतरी फिसकन हसलं. मुलींना वाटलं, सर मस्करी करतात. कामिनी त्याच्या शेजारी बसली होती. तिचा कोपर त्याच्या बाहीपासून वीतभर लांब नव्हता.

त्याने हॉर्न मारला. "कामिनी! अवो, पाय ना, कोठी गेली पोट्टी. कॅप्टन म्हनवते अन् हिचाच पत्ता नाई."

मी उजव्या खिडकीपाशी गेले आणि दारावर हात ठेवला. "तुमीच सांगा कामिनी कोठी हाये," मी म्हणाले. "सांगा, अन् मंग जा. मी अडवनार नाई."

"हे काय नवीन?" त्याने माझ्याकडे बघितलं, समोर बघितलं, लिंबाखाली बघितलं, पुन्हा आरशात बघितलं. "घरात असन."

"घरात नाई."

"मंग विहिरीवर असन. येळ होऊन राहिला, आवाज दे तिले."

मागचं हसू थांबलं होतं. एक मुलगी "सर, ती..." म्हणू लागली आणि दुसरीने तिचा हात धरला. अंगणात कोंबड्यांचा आवाज तेवढा येत होता. कामिनी ताठ बसली होती, दोन्ही हात गुडघ्यांवर, समोर बघत, आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. भुपेंद्र मान पुढे काढून काचेतून तिला शोधत होता.

"बाबा," ती म्हणाली.

तो दचकला. इतका, की त्याचा हात हॉर्नवर पडला. मग त्याने मान फिरवली, पूर्ण, डाव्या खांद्यावरून, आणि लेक दिसली.

"कवा बसली तू इथी?"

"पयलेपासून," कामिनी म्हणाली. "तुमच्याही पयले."

त्याने मान सरळ केली. मग पुन्हा डावीकडे वळवली, हळूहळू, कुठपर्यंत ती नाही आणि कुठून आहे हे शोधत असल्यासारखी. या माणसाला मी हरलेला पाहिला आहे, गुडघ्याला प्लास्टर लावून रेल्वेतून उतरताना पाहिला आहे. त्याचा चेहरा घाबरलेला मी त्या सकाळी पहिल्यांदा पाहिला. मला त्याला जवळ घ्यावंसं वाटलं. गावासमोर ते करता येत नाही, म्हणून मी दारावरचा हात तसाच ठेवला.

त्याने चाबी काढली आणि खिडकीतून माझ्या हातात दिली.

"मंगरूले बलाव," म्हणाला.

मंगरू चालवायला बसला. भुपेंद्रला मी पुढच्या सीटवर खिडकीशी बसवलं, त्याच्या आणि मंगरूच्या मधे मी कशीबशी, आणि कामिनी मागे मुलींच्या मांडीवर. पाळ आली. मंगरूने गाडी हळू केली. भुपेंद्रने मान डावीकडे फिरवली आणि खिडकीतून खाली बघितलं. चाकाच्या कडेला वीतभर माती, आणि तिच्याखाली लगेच पाणी, शेवाळलेलं, स्थिर. पाळ संपेपर्यंत त्याने मान परत वळवली नाही.

"इतक्या जवळून नेत होतो मी यायले?" तो म्हणाला. मला म्हणाला की स्वतःला, माहीत नाही. मी हात त्याच्या पुढून नेऊन त्याची डावी बाही धरून बसले.

भंडाऱ्याला मुली मैदानावर उतरल्या आणि आम्ही दवाखान्यात गेलो. मुलींची मॅच आम्हाला बघता आली नाही. त्या हरल्या, पण कामिनीने एक गोल करवला, म्हणजे पास तिचा होता. डॉक्टरांनी डोक्याचा फोटो काढला. म्हणाले, डोळ्यांत काहीच दोष नाही. मेंदूच्या मागच्या बाजूला केव्हातरी रक्त पोहोचलं नाही, तेवढा भाग गेला. दुखलं नाही, म्हणून कळलं नाही. डावीकडचं दिसत नाही, आणि दिसत नाही हेसुद्धा जाणवत नाही. पुन्हा होऊ नये म्हणून गोळ्या दिल्या. गाडी बंद. गेलेलं किती परत येईल, सांगता येणार नाही म्हणाले. "एकच उपाय आहे. मान फिरवून डावीकडे बघायचं. दर वेळी, मुद्दाम, आठवण ठेवून. लोकांना ही सवय लागायला फार जड जातं."

"मले येते ते," भुपेंद्र म्हणाला. "बैलानं शिकवलं हाये."

डॉक्टरांना काही कळलं नाही. मी तिथेच, त्यांच्या टेबलापुढे, पदर तोंडाला लावून रडले.

आता जीप मंगरू चालवतो. मागच्या काचेवरचं ८९ कामिनीने विचारलं, पुसू का? तो नको म्हणाला. "अंजू मॅडमले कळवू का?" तर म्हणाला, "कायले? त्यायनं तवाचे मार्क देले. तवा होतं भान." संध्याकाळी मुलींना शिकवायला जातो. त्यांना ओरडून ओरडून मान फिरवायला लावतो आणि स्वतः त्यांच्याबरोबर फिरवतो. कधी विसरतो, दाराला खांदा लागतो, आणि मी मशीनवरून न उठता ऐकते. बाही उसवल्याचा आवाज मला आता झोपेतही येतो.

शेजारणी म्हणतात, ताट फिरवून वाढत जा, नाहीतर सगळं उजवीकडे वाढ. मी नाही तसं करत. भाजी उजवीकडे, चटणी डावीकडे, सासूबाईंनी सांगितली तशीच. वाढते आणि त्याच्या डाव्या हाताला थोडी मागे सरून बसते, गप्प. काही दिवस चटणी संपते. काही दिवस तो तशीच ठेवून उठतो, तेव्हा मी भांडत नाही. ताट उचलते आणि उद्याची वाट बघते.

काल त्याने अर्धा भात संपवला आणि घास हातात धरून थांबला. डाव्या खांद्यावरून मान फिरवली, मैदानावर फिरवायचा तशी, बैल असेल त्या बेताने. आधी त्याला चटणी दिसली. मान अजून थोडी फिरली, तेव्हा मी दिसले.

"तू इथी बसून रायते का व, रोज?" त्याने विचारलं.

"पयलेपासून," मी म्हणाले.